पाकशास्त्रांतील श्रेष्ठतेचा मान

जगांतील सर्वांत उत्तम स्वयंपाक कोणत्या राष्ट्राचा, हा प्रश्न जेथें चार सुशिक्षित माणसें जेवणानंतर सुपारी कातरीत बसतात तेथें केव्हां ना केव्हां निघतोच. कोणी फ्रान्सचें नांव घेतो, कोणी चीनचें; इटलीचा कैवार घेणाराहि एखादा भेटतो; आणि आईच्या हातच्या आमटीपुढें हीं सारीं राष्ट्रें फिकीं असें म्हणणारा तर हटकून असतो. ‘आपला तो बाब्या’ हा न्याय जिभेच्या बाबतींत जितका चालतो तितका दुसऱ्या कोठें क्वचितच चालत असेल. परंतु या प्रश्नाला एक दुसरी बाजू आहे, आणि ती चवीची नसून इतिहासाची आहे. अमुक राष्ट्राचा स्वयंपाक श्रेष्ठ, हें ठरविलें कोणी, केव्हां आणि कोणत्या मापानें? हा इतिहास पाहूं लागलें म्हणजे असें दिसून येतें कीं, हा मान जिभेनें फार थोडा दिला आहे. राजवाड्यांनीं, छापखान्यांनीं आणि हॉटेलांनीं तो पुष्कळ अधिक दिला आहे. शिवाय हा मान वांटतांना ज्या चुलींकडे कोणी पाहिलें नाहीं, त्यांच्या उपेक्षेची किंमत कांहीं देशांतील गरिबांना प्राण देऊन मोजावी लागली आहे.

सुमारें दोन शतकें हा मान पाश्चात्य जगांत निर्विवादपणें फ्रान्सकडे होता. पण तो त्याच्याकडे अनादिकालापासून नव्हता. सोळाव्या शतकांत युरोपांतील राजेरजवाड्यांच्या मुदपाकखान्यांना कित्ता घालून देई ती इटली. पांचवा पायस या पोपचा आचारी बार्तोलोमेओ स्काप्पी यानें १५७० सालीं आपला प्रचंड पाकग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत पाककृति तर आहेतच, पण स्वयंपाकघरांतील भांडीं व हत्यारें यांचीं चित्रेंहि आहेत. जेवतांना काटा वापरण्याची चाल इटलींतूनच उत्तरेकडे पसरली. १६११ सालीं टॉमस कोर्यट या इंग्रज प्रवाशानें तिचें वर्णन एक नवल म्हणून केलें आहे. १५३३ सालीं फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्यांतील कातेरिना फ्रान्सच्या राजपुत्राला दिली गेली, तेव्हां तिच्याबरोबर गेलेल्या आचाऱ्यांनीं फ्रेंचांना स्वयंपाक शिकविला, अशी एक गोष्ट मोठ्या आवडीनें सांगितली जाते. इतिहासकार मात्र ती खरी मानीत नाहींत. कारण त्या लग्नानंतरच्या फ्रेंच पाकग्रंथांत असा एकाएकीं पालट झालेला दिसत नाहीं. तो पालट पुढें शंभराहून अधिक वर्षांनीं दिसूं लागला.

१६५१ सालीं ला वारेन या आचाऱ्याचा ‘फ्रेंच आचारी’ हा ग्रंथ पॅरिसांत निघाला. तोपर्यंत युरोपांतील श्रीमंतांच्या जेवणांत सुंठ, दालचिनी, केशर आणि साखर हीं मांसाच्या पदार्थांतहि सढळ हातानें पडत असत. ला वारेनच्या ग्रंथांत या मसाल्यांचा जोर ओसरलेला दिसतो. त्यांच्या जागीं लोणी, ताजा पाला, मांसाचा कढ आणि स्निग्धांत परतलेल्या पिठानें दाट केलेले रस येतात. हिंदी महासागरांतील मसाल्यांचा व्यापार वाढून मसाले स्वस्त झाले, तेव्हां त्यांतली ऐट गेली, असें या पालटाचें एक कारण सांगतात. दोनच वर्षांनीं, १६५३ सालीं, या ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर झालें. त्यानंतर चौदाव्या लुईचा दरबार व्हर्सायला गाजूं लागला, आणि युरोपांतील दरबारांनीं फ्रेंच भाषा, फ्रेंच पोशाख, फ्रेंच नृत्य यांबरोबर फ्रेंच आचारीहि उचलला. चव मागून आली. दबदबा अगोदर आला.

या दबदब्याला शास्त्राचें रूप दिलें तें मारी-आंत्वान कारेम यानें. गरिबींत जन्मलेला व लहानपणींच बापानें पॅरिसांत वाऱ्यावर सोडलेला हा मुलगा एका हलक्या खानावळींत कामाला लागला, पुढें मिठाईवाल्याचा शागीर्द झाला, आणि सरकारी ग्रंथालयांत बसून जुन्या इमारतींचे नकाशे उतरूं लागला. त्या नकाशांवरून तो साखरेचे मनोरे व मंदिरें उभारी. मुत्सद्दी तॅलेराँ यानें त्याचे गुण हेरले. १८१४ सालीं नेपोलियनचा पाडाव झाल्यावर रशियाचा बादशहा अलेक्झांडर पॅरिसांत आला, तो तॅलेराँच्याच वाड्यांत उतरला. रणांत हरलेल्या राष्ट्रानें जेत्यांना पंक्तीस बसवून जिंकण्याचा हा प्रकार होता. पुढें कारेमनें या बादशहासाठीं, इंग्लंडच्या युवराजासाठीं आणि रॉथशील्ड या पेढीवाल्यासाठीं स्वयंपाक केला. त्याहून महत्त्वाचें म्हणजे त्यानें लिहिलें. शेंकडों रसांची त्यानें चार मूळ रसांखालीं वर्गवारी लावली. गंमत अशी कीं, या चार ‘फ्रेंच’ रसांपैकीं एकाचें नांव स्पॅनिश आणि दुसऱ्याचें जर्मन आहे.

दरबारांतून हा स्वयंपाक बाजारांत आला तो रेस्टॉराँच्या द्वारें. हा शब्द मूळचा दुकानाचा नव्हे. अशक्त माणसाला तरतरी आणणारा मांसाचा कढ, एवढाच त्याचा अर्थ होता. १७६० नंतर पॅरिसांत असा कढ विकणारीं दुकानें निघालीं. तेथें प्रत्येकाला वेगळें मेज, वेगळी यादी आणि ठरलेला दर मिळूं लागला. १७८९ च्या राज्यक्रांतीनंतर सरदारांचीं घराणीं उधळलीं, धंद्यांच्या जुन्या पंचायतींचे मक्ते मोडले, आणि पुष्कळ आचाऱ्यांनीं आपलीं दुकानें थाटलीं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑग्यूस्त एस्कॉफिए हा आचारी आणि सेझार रित्झ हा हॉटेलवाला यांची जोडी जमली. १८९० सालीं लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलांत त्यांनीं कामाला सुरुवात केली. एस्कॉफिएनें लष्करांत चाकरी केली होती. स्वयंपाकघरांतहि त्यानें पलटणीसारखी शिस्त लावली. रस करणारा वेगळा, भाजणारा वेगळा, मासळी शिजविणारा वेगळा. १९०३ सालीं निघालेल्या त्याच्या ग्रंथांत पांच हजारांवर कृति आहेत. आगबोट व आगगाडी जेथें जेथें गेली, तेथें तेथें मोठें हॉटेल गेलें, आणि त्याच्या मागोमाग हा ग्रंथ गेला. मेजी बादशहाच्या काळांत जपानच्या बादशाही वाड्यांतहि परदेशी पाहुण्यांना फ्रेंच पद्धतीचें जेवण मिळूं लागलें. तरीहि एक गोष्ट विसरूं नये. एकामागून एक पदार्थ वाढण्याची जी रीत आज फ्रेंच म्हणून ओळखली जाते, ती मूळची रशियन होय. जुनी फ्रेंच रीत म्हणजे सारे पदार्थ एकदम मेजावर मांडण्याची.

आतां याच काळांत, किंबहुना याच्या फार पूर्वीं, पृथ्वीच्या दुसऱ्या टोंकाला काय चाललें होतें तें पाहिलें म्हणजे हें सिंहासन थोडें डळमळूं लागतें. चीनमधील सुंग राजांची राजधानी काइफंग ही ११२७ सालीं शत्रूच्या हातीं पडली. तेथून परागंदा झालेल्या मंग युआनलाओ या गृहस्थानें ११४७ च्या सुमारास आपल्या हरवलेल्या शहराच्या आठवणी लिहिल्या. त्यांत उपाहारगृहांचीं वर्णनें आहेत: दक्षिणेकडील जेवणाचीं दुकानें वेगळीं, सेचुआन प्रांताच्या जेवणाचीं वेगळीं, गिऱ्हाइकें आपापल्या पसंतीचे पदार्थ मागत आहेत, वाढपी त्या मागण्या तोंडपाठ करून आंत ओरडून सांगत आहे, आणि उजव्या हातावर खांद्यापर्यंत सुमारें वीस वाडगे रचून आणीत आहे. चूक झाली तर त्याचा पगार कापला जाई. हें सर्व पॅरिसांत कढाचीं दुकानें निघण्यापूर्वीं सहाशें वर्षांवर! पुढें १७९२ सालीं, म्हणजे फ्रान्समध्यें राजसत्ता बुडाली त्याच वर्षीं, युआन मेई या कवीनें नानकिंग येथें आपला पाकग्रंथ प्रसिद्ध केला. उत्तम मेजवानीच्या श्रेयांतील सहा हिस्से आचाऱ्याचे आणि चार हिस्से बाजारहाट करणाऱ्याचे, असें त्याचें मत होतें. त्यानें ज्या वाईट संवयींचा निषेध केला आहे त्यांत एक मोठी मार्मिक आहे: कानांनीं जेवणें. पदार्थाची किंमत व कीर्ति ऐकून त्याला चांगलें म्हणणें, याला तो कानांचें जेवण म्हणतो. नीट केलेला टोफू, म्हणजे सोयाबिनच्या दुधाची वडी, बेतास बात केलेल्या महागड्या पक्ष्याच्या घरट्याहून कितीतरी सरस, असें तो बजावतो. राष्ट्राराष्ट्रांच्या स्वयंपाकांची क्रमवारी लावणाऱ्यांनीं ही सूचना भिंतीवर लावून ठेवावी अशी आहे.

दुसरी अडचण ‘राष्ट्राचा स्वयंपाक’ या शब्दांतच आहे. राष्ट्रें अलीकडचीं, चुली जुन्या. इटलीचें एकीकरण १८६१ सालीं जाहीर झालें. त्यापूर्वीं नेपल्सचा स्वयंपाक होता, बोलोन्याचा होता, व्हेनिसचा होता, पण सर्व इटलीचा असा नव्हता. तो एकत्र बांधण्याचें काम पेल्लेग्रीनो आर्तुझी या निवृत्त व्यापाऱ्यानें केलें. १८९१ सालीं, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षीं, प्रकाशक मिळेना म्हणून त्यानें आपला पाकग्रंथ स्वखर्चानें छापला. गृहिणी त्याला पत्रें लिहून निरनिराळ्या प्रांतांतील कृति कळवीत गेल्या, आणि ग्रंथ आवृत्तीगणिक फुगत गेला. शेवटीं त्यांत ७९० कृति झाल्या. ज्या टोमॅटोवांचून आज इटालियन जेवणाची कल्पनाच करवत नाहीं, तो तर अमेरिकेंतून आलेला पाहुणा. त्याच्या रसाची छापील कृति प्रथम आढळते ती नेपल्स येथें १६९० नंतर निघालेल्या आंतोनिओ लातिनीच्या ग्रंथांत, आणि तेथेंहि ती ‘स्पॅनिश पद्धतीची’ म्हणून दिली आहे.

हाच प्रकार हिंदुस्थानांतहि दिसतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत ‘मानसोल्लास’ रचला. त्यांतील अन्नभोगाच्या प्रकरणांत मांडे आहेत, वडे आहेत, मांसाचे व मासळीचे अनेक प्रकार आहेत. परंतु मिरची नाहीं, आणि असणें शक्यहि नव्हतें. तिखटपणासाठीं मिरीं आणि आलें होतें. मिरची पोर्तुगीजांच्या गलबतांतून आली. बटाटा, काजू, अननस, पाव या मराठी शब्दांवर पोर्तुगीज भाषेचा छाप अजून स्पष्ट आहे. एकादशीला सोवळ्यानें मांडलेलें फराळाचें ताट पाहावें: बटाटा अमेरिकेचा, रताळें अमेरिकेचें, शेंगदाणा अमेरिकेचा, मिरची अमेरिकेची, आणि आज साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कंदहि अमेरिकेचाच. ज्या दिवशीं धान्य वर्ज्य, त्या दिवशीं अर्धे जग ताटांत! यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. उलट परक्या वस्तूला आपल्या घरचें वळण लावणें हीच पाककलेची खरी शक्ति आहे. पण मग या ताटाचें श्रेय कोणत्या राष्ट्राच्या खात्यावर मांडावयाचें?

ज्या खंडानें जगाच्या ताटांत एवढी भर घातली, त्या खंडांतील स्वयंपाकाला मात्र श्रेष्ठतेच्या यादींत फार काळ जागाच नव्हती. त्याचा इतिहास मुद्दाम सांगण्यासारखा आहे, कारण श्रेष्ठकनिष्ठतेची ही भाषा किती महाग पडूं शकते तें त्यावरून कळतें. मेक्सिको व त्याच्या आसपासच्या देशांत सुमारें तीन हजार वर्षांपासून मका शिजविण्याची एक रीत चालत आली आहे. मक्याचे दाणे पाण्यांत चुना किंवा लांकडाची राख घालून शिजवितात, रात्रभर तसेच भिजत ठेवतात, सकाळीं धुवून त्यांचीं सालें काढतात, मग पाट्यावर वांटून त्या पिठाच्या पातळ भाकऱ्या थापतात. या भाकरीला तोर्तिया आणि चुन्यांत शिजलेल्या मक्याला निश्तमाल म्हणतात. चुन्यानें सालें सुटतात आणि पिठाला चिकटपणा येतो, हें कोणत्याहि बाईला दिसत होतें. पण त्यानें आणखी एक गोष्ट होते, ती डोळ्यांना दिसत नाहीं. मक्यांत नायसिन नांवाचें एक जीवनसत्त्व असतें. परंतु तें अशा रीतीनें बांधलेलें असतें कीं, माणसाच्या पोटाला तें घेतां येत नाहीं. चुना त्या गांठी सोडवितो.

१५२१ सालीं स्पॅनिश लोकांनीं मेक्सिकोची राजधानी जिंकली. त्यांना मका मिळाला, आणि तो त्यांनीं व इतर युरोपियनांनीं सर्वत्र नेला. कारण थोड्या जमिनींत पुष्कळ पिकणारें धान्य कोणाला नको असतें? परंतु मक्याबरोबर चुन्याची रीत कोणी नेली नाहीं. गव्हाची रोटी ती सुसंस्कृतांची व ख्रिस्ती धर्मविधीला योग्य. मक्याची भाकर ती जिंकलेल्या रयतेची, अशी समजूत होती. रयतेच्या बायका पहाटे उठून पाट्यावर जें करीत होत्या, त्यांत शिकण्यासारखें कांहीं असेल, हें कोणाच्या ध्यानींमनींहि आलें नाहीं.

परिणाम दोन शतकांनीं दिसूं लागला. १७३५ सालीं उत्तर स्पेनमध्यें गास्पार कासाल या वैद्यानें मका खाऊन राहणाऱ्या गरीब शेतकऱ्यांत एक नवा रोग पाहिला. उन्हांत उघडी राहणारी कातडी खरबरीत होऊन सोलते, पोट बिघडतें, पुढें बुद्धीला भ्रम होतो, आणि शेवटीं मृत्यु. १७७१ सालीं इटलींतील फ्रापोल्ली या डॉक्टरानें त्याला पेलाग्रा हें नांव दिलें. उत्तर इटलींतील ज्या शेतमजुरांचें पोट मक्याच्या पिठल्यावर भरे, त्यांच्यांत तो शंभराहून अधिक वर्षें ठाण मांडून होता. श्रीमंतांना तो होत नसे, कारण त्यांच्या ताटांत मांस व दूध होतें. विसाव्या शतकाच्या आरंभीं तो अमेरिकेच्या दक्षिण संस्थानांत उसळला. १९०६ ते १९४० या काळांत तेथें सुमारें तीस लक्ष लोकांना तो झाला आणि सुमारें एक लक्ष दगावले, असा अंदाज आहे. हा रोग सांसर्गिक असावा असा पुष्कळ डॉक्टरांचा समज होता. १९१४ पासून जोसेफ गोल्डबर्गर यानें त्याचा शोध घेतला, आणि तो जंतूंचा नसून निकृष्ट आहाराचा आहे हें दाखविण्यासाठीं रोग्यांचें रक्त स्वतःच्या अंगांत टोंचून घेतलें. नेमकें द्रव्य सांपडलें तें १९३७ सालीं, कॉनराड एल्व्हेयेम याच्या प्रयोगशाळेंत. मेक्सिकोंतील मक्यावरच जगणाऱ्या खेडुतांत मात्र हा रोग क्वचितच आढळे. त्यांना जीवनसत्त्वाचें नांव ठाऊक नव्हतें. चुना ठाऊक होता.

या सर्व काळांत मेक्सिकोंतील वरिष्ठ वर्ग काय करीत होता? १८९९ सालीं फ्रांसिस्को बुल्नेस या तेथल्याच राजकारणी विद्वानानें मनुष्यजातीचे गहू खाणारे, तांदूळ खाणारे व मका खाणारे असे तीन वर्ग पाडले, आणि मक्यामुळेंच आपले लोक मागासलेले राहिले असें प्रतिपादन केलें. १९१० सालीं मेक्सिकोच्या स्वातंत्र्ययुद्धाला शंभर वर्षें झालीं. अध्यक्ष पोर्फिरिओ दीआझ यानें देशोदेशींच्या पाहुण्यांना मोठमोठ्या मेजवान्या दिल्या. त्या मेजवान्यांचें जेवण फ्रेंच होतें. स्वदेशाच्या स्वातंत्र्याचा उत्सव, आणि त्यांत स्वदेशाचा पदार्थ नाहीं. युआन मेईच्या भाषेंत सांगावयाचें तर सारें राष्ट्र कानांनीं जेवत होतें.

बरोबर शंभर वर्षांनीं काळानें त्याचें उत्तर दिलें. २०१० च्या नोव्हेंबरांत नैरोबी येथें युनेस्कोच्या समितीची बैठक भरली, आणि मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादींत त्या एकाच बैठकींत फ्रेंचांची मेजवानीची रीत व मेक्सिकोचा परंपरागत स्वयंपाक या दोहोंचा समावेश झाला. मेक्सिकोच्या नोंदींत निश्तमालाचा मुद्दाम उल्लेख आहे. २०१३ सालीं जपानच्या भोजनपद्धतीची नोंद झाली, २०१७ सालीं नेपल्सच्या पिझ्झा भाजणाऱ्यांच्या कलेची. या यादींत पहिला, दुसरा असे क्रमांक नाहींत. फ्रान्सच्या अध्यक्षांनीं २००८ सालीं आपलें पाकशास्त्र जगांत श्रेष्ठ असल्याचें सांगितलें होतें. परंतु निदान आमच्या दृष्टीनें, अशी पुस्तीहि त्यांनींच जोडली होती. क्रमांक देणाऱ्यांचीहि तीच गत झाली. मिशेलँ या फ्रेंच टायर कंपनीनें मोटारवाल्यांसाठीं १९०० सालीं मार्गदर्शिका काढली आणि १९२६ पासून ती उपाहारगृहांना तारका देऊं लागली. २००७ च्या अखेरीस तिची टोकियोची पहिली आवृत्ति निघाली, तेव्हां त्या एका शहराला पॅरिसपेक्षां अधिक तारका मिळाल्या. फ्रेंच मापानें मोजूनहि मान पूर्वेकडे गेला.

मग कोणताच स्वयंपाक दुसऱ्याहून सरस म्हणतां येत नाहीं काय? येतो, पण कशांत तें सांगितलें पाहिजे. व्यवसायाची शिस्त, परिभाषा आणि ग्रंथरचना यांत फ्रान्सनें जें केलें त्याला पाश्चात्य जगांत जोड नाहीं, आणि तो मान त्याचा त्याला द्यावा. शहरी उपाहारगृहाची कला चीननें शेंकडों वर्षें आधीं साधली. पाहुण्या भाजीला घरचें माणूस करून घेण्यांत इटली व हिंदुस्थान यांचा हात धरणारे थोडे. आणि एकाच स्वस्त धान्यावर सबंध जनतेला निरोगी ठेवण्याची कसोटी लावली, तर राजवाड्यांतील सारे बल्लवाचार्य मागें राहून चुन्याच्या पाण्यांत मका शिजविणारी ती अनाम बाई पुढें येते. राष्ट्रांच्या स्वयंपाकाला एकच माप लावणें म्हणजे तागडींत कापड मोजणें होय. ज्यांनीं हा प्रश्न श्रेष्ठकनिष्ठतेचा केला, त्यांना मका मिळाला व पेलाग्राहि मिळाला. दुसऱ्याच्या चुलीपाशीं बसून ‘हें असें कां करतां?’ एवढें विचारलें असतें, तर लाखों माणसें वांचलीं असतीं.